डावा अण्णांचा, उजवा रिकामा

नाकाडेसाहेबांनी तिसऱ्यांदा मगदूमांचा माल नाकारला, तेव्हा कालिंदी इंगवलेनं हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला आणि ती स्टोअरच्या फाटकाकडे निघाली.

नाकाडेसाहेब हा काही माणूस नव्हता. फाटकाशी बसवलेली ती एक राखाडी पेटी होती, शिवणयंत्राएवढी. आलेल्या मालातला एखादा नग तिच्या खणात ठेवायचा, झाकण लावायचं, की चाळीस सेकंदांत पेटी हुंगून सांगायची: स्वीकारा किंवा नाकारा. दोन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराच्या हातमोज्यांना सिलिकोन लागलं होतं. नखाएवढं सिलिकोन, पण रंगखात्यात सहाशे पंपांच्या रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडले आणि सगळे पंप खरवडून पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून रंगखात्यात जाणारी प्रत्येक वस्तू आधी हुंगली जायची. पेटीला ‘नाकाडेसाहेब’ हे नाव स्टोअरच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकलं होतं.

ही पेटी विकत घेतली होती कालिंदीनंच. सह्यधारा पंप्समध्ये खरेदीची दोन खाती होती. पहिलं खातं ओतीव लोखंड, बेअरिंगं, मोटारी असलं भारदस्त सामान आणायचं, आणि त्यातले लोक कोट घालून परदेशी जायचे. दुसरं खातं कालिंदीचं. जे पंपात जात नाही, पण ज्याच्यावाचून पंप कारखान्याबाहेर पडत नाही, ते सगळं तिनं बघायचं. हातमोजे, कॉटन वेस्ट, गमबूट, झाडू, कॅन्टीनची चहापूड, झुरळांचं औषध. चार हजार वस्तू, तीनशे पुरवठादार आणि कौतुक शून्य. सगळं वेळेवर आलं तर तिची कुणाला आठवणही यायची नाही, आणि संडासातला साबण संपला की तिचं नाव थेट मालकांपर्यंत पोचायचं.

तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. तिला माणसं आवडायची, आणि तीनशे पुरवठादार म्हणजे तीनशे माणसं होती. त्यांतही जिनगोंडा मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, सगळ्यांत जुने. इचलकरंजीत त्यांचं शिवणघर. आठ बाया मशीनवर, होजिअरी कापडाचे हातमोजे शिवायच्या. कालिंदी शिकाऊ म्हणून लागली, तेव्हा तिची पहिली ऑर्डर अण्णांनाच गेली होती, आणि तीही चुकीची. दोनशे जोड्यांऐवजी तिनं दोनशे डावे मोजे मागवले होते. अण्णांनी ते मुकाट्यानं शिवले नाहीत, की वर तक्रारही केली नाही. एसटीनं कोल्हापूरला येऊन त्यांनी विचारलं होतं, “ताई, तुमच्याकडची समदी माणसं डावरी हायत काय?”

आता पडद्यावर लाल अक्षरं होती. ‘अनोळखी तेलकट पदार्थ. सिलिकोन नाही. नाकारा.’ तिन्ही वेळा हेच. आणि कारखान्याचा नियम सरळ होता: तीन महिन्यांत तीनदा माल नाकारला गेला की पुरवठादाराचं नाव आपोआप यादीतून बाहेर. खरेदीप्रमुखानं, म्हणजे इथं कालिंदीनं, दहा दिवसांत ठोस कारण शोधून दिलं, तरच वाचण्याची सोय. अण्णांचा बाराआणे माल सह्यधाराला यायचा. नाव गेलं, की शिवणघराला कुलूप.

“हात लावाल तिथं तेल असतं कारखान्यात,” कालिंदी स्वतःशीच पुटपुटली. “पण नाकाडेला ओळखू न येणारं तेल कुठलं?”

तिला काळजी वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त तिला चैन पडत नव्हतं. कोडं दिसलं की ते सुटेपर्यंत जेवण न जाणाऱ्यांतली ती होती. दुपारी तिनं गाडी काढली आणि इचलकरंजी गाठली.

“या की ताई. आज फोन न करताच?” अण्णा पाटावर मांडी घालून बसले होते. सत्तरीला टेकलेले, अंगात पांढरा सदरा, पुढ्यात मोज्यांचा ढीग.

“माल परत आलाय अण्णा. तिसऱ्यांदा.”

“तुमच्या मशीनला सर्दी झाल्या काय?”

बोलता बोलता त्यांचं काम चालूच होतं. ढिगातला एक मोजा उचलायचा, हात आत घालायचा, पाची बोटं हलवायची, काढायचा, बाजूला ठेवायचा. डावा डाव्या हातात, उजवा उजव्या हातात. शिवणीची गाठ आतून टोचली, तर कामगार मोजा काढून उघड्या हातानं पंप उचलतो, म्हणून ही तपासणी. एकतीस वर्षं त्यांनी हात घातल्याशिवाय एक नग बाहेर सोडला नव्हता. मोजा नीट सरकत नसला, की ते हात कपाळावरून, मानेवरून फिरवून घ्यायचे आणि मग घालायचे.

कालिंदीनं एकेक करून सगळं विचारलं. कापड तेच, सूत तेच, दोरा तोच. मशीनचं तेल तेच. खोके तेच.

“घरात काही बदललं? साबण, डोक्याचं तेल?”

“काय बी न्हाई,” अण्णा म्हणाले.

“साबण बदललाय,” आतून काकूंचा आवाज आला. अण्णांची बायको पद्मावती, दाराशी बसून जोड्यांना दोरा बांधत होती. “तीनदा बदललाय वर्षात.”

“का हो काकू?”

“असंच,” काकू म्हणाल्या आणि मान खाली घालून पुन्हा गाठी मारू लागल्या.

निघताना कालिंदीनं चाळीस मोजे घेतले. वीस अण्णांनी हात घातलेले, वीस थेट मशीनवरून उतरलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे एकेक करून तिनं नाकाडेसाहेबांच्या खणात घातले. हात न लावलेले वीसच्या वीस स्वीकारले गेले. अण्णांचे वीसच्या वीस लाल.

कोडं निम्मं सुटलं होतं आणि निम्मं आणखी घट्ट झालं होतं. कारण अण्णा मोज्यांत हात काही आज घालायला लागले नव्हते. पेटी बसल्यावरही दीड वर्ष हेच हात घातलेले मोजे बिनबोभाट पास होत होते.

पेटी बनवणारी कंपनी पुण्याची. तिथल्या डॉ. तबस्सुम मुल्लाणींनी स्वतः येऊन ती बसवली होती. कालिंदीनं त्यांना फोनच्या पडद्यावर गाठलं आणि सगळं सांगितलं.

“एक मिनिट,” तबस्सुम म्हणाली. “आधी पेटी कशी हुंगते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आत एक चकती आहे. तिच्यावर चौसष्ट ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर वेगळं प्रथिन. हवेतला रेणू कुठल्या ठिपक्याला चिकटतो, किती घट्ट चिकटतो, किती वेळ राहतो, यावरून एक आकृती तयार होते. ठिपक्यांची रांगोळीच म्हणा. सिलिकोनची रांगोळी वेगळी, घामाची वेगळी, चहाची वेगळी. माणसाच्या घामाची रांगोळी आम्ही पेटीला शिकवून ठेवलीय, म्हणून ती एरवी त्याच्याकडे काणाडोळा करते.”

“मग अण्णांच्या घामाकडे का नाही करत?”

“घामाचं नाहीच हे. त्वचेचं तेल आहे. तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात, पण कपाळाला आणि मानेला भरपूर असतात. त्यांची ती हात फिरवायची सवय सांगितलीत ना?” तबस्सुमनं विचारलं. “मी जुन्या नोंदी काढल्यात. दोन वर्षांपूर्वी या तेलाचा आकडा चार होता. मग सात, बारा, वीस. आता छत्तीस. हळूहळू चढत गेलाय. तीसच्या पुढे गेला आणि पेटीला तो अनोळखी वाटायला लागला.”

“आणि अशी रांगोळी कशाची असते?”

“मॅडम, आम्ही औषधपाण्याचे डॉक्टर नाही. पेटीचं म्हणणं म्हणजे निदान नाही. पण वैद्यकीय संग्रहात ही आकृती आहे. कंपवाताची. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्वचेतल्या तेलातली मेदाम्लं बदलायला लागतात, हे आता पक्कं माहीत आहे.”

कालिंदी खुर्चीत मागे टेकली. तिच्या वडिलांना कंपवात होता. शेवटची सहा वर्षं तिनं त्यांना चमच्यानं भरवलं होतं. त्यांचा आजार कळला तोच मुळी चहाची बशी रोज सांडायला लागल्यावर, आणि तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

“आता औषध आहे ना?” तिनं विचारलं.

“आहे. रोग बरा होत नाही, पण निम्म्याहून जास्त लोकांत जागच्या जागी थांबतो. अट एकच, थरथर सुरू व्हायच्या आधी घ्यायला हवं. आणि थरथर सुरू होण्याआधी डॉक्टरकडे जातं कोण?”

कालिंदीनं फोन ठेवला. सोपा रस्ता समोर होता आणि तो दिसायलाही चांगला होता. अण्णांना म्हणायचं, हात घालून तपासणं बंद करा. उद्यापासून माल पास, नाव यादीत, शिवणघर चालू. कुणाला काही सांगायला नको. आणि चार वर्षांनी अण्णांची बशी सांडायला लागली, की बातमी ऐकून आपण हळहळायचं. ही कल्पना तिला पाच मिनिटं आवडली, आणि मग स्वतःची शरम वाटली.

पण बातमी तिच्याआधी केसकरांपर्यंत पोचली होती. अभिराम केसकर हे कारखान्याचे प्रमुख, हुशार आणि घाईत असलेला माणूस. तबस्सुमच्या कंपनीनं नियमाप्रमाणे नोंदींची एक प्रत त्यांना धाडली होती.

“इंगवले मॅडम, हे तर भन्नाट आहे!” ते म्हणाले. “पुरवठादार किती वर्षं टिकेल, हे आपल्याला त्याच्या आधी कळणार. तीनशेच्या तीनशे लोकांचा आलेख काढू. माल तर रोजच येतो फाटकावर.”

“आणि मगदूम?”

“त्यांचं वाईट वाटतं हो. पण अशा माणसाशी तीन वर्षांचा करार आता कसा करायचा? दुसरा बघा.”

कालिंदीला राग आला, आणि राग आला की तिचा आवाज अगदी मऊ व्हायचा. “सर, पेटीचा करार मी लिहिलाय. चौदावं कलम वाचलंत? ठरलेल्या अकरा पदार्थांखेरीज कशाचंही मोजमाप साठवायचं नाही.”

“ते आपल्या रंगाची कृती बाहेर फुटू नये म्हणून होतं.”

“होतं. पण लिहिलंय सगळ्यांना लागू होईल असंच. मगदूमांच्या तेलाच्या नोंदी ठेवायच्याच नव्हत्या, ना पुण्याला, ना आपल्याकडे. त्या आज पुसाव्या लागतील. नाहीतर करार आपणच मोडला असं होईल, आणि मग रंगाची कृती राखायलाही कलम उरणार नाही.”

झाडू आणि चहापूड आणणारी बाई आपल्याला कलमं शिकवेल, हे केसकरांच्या ध्यानीमनी नव्हतं. “आणि नाकारायचं कारण काय लिहिणार?”

“खरं तेच. पुरवठादार हात घालून माल तपासत होता, हाताचं तेल लागत होतं. उपाय सांगितलाय.”

रंगाच्या कृतीचं नाव निघालं आणि केसकर नरमले. नोंदी पुसल्या गेल्या. आता राहिलं होतं ते अवघड काम.

शनिवारी ती पुन्हा इचलकरंजीला गेली. बरोबर तबस्सुमनं पाठवलेलं लहान नाक होतं, टॉर्चएवढं. येताना गाडीत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, पण पाटासमोर बसल्यावर त्यातलं एकही कामाला आलं नाही. तिनं कसंबसं सांगितलं, की पेटी मोज्यांना नाकारत नाही, तुमच्या हातांच्या वासाला नाकारते, आणि तो वास एका आजाराचा असू शकतो.

अण्णांनी हातातला मोजा खाली ठेवला.

“सरळ सांगा की ताई, दुसरा बघितलाय म्हणून. म्हाताऱ्याला आजारी कशाला पाडतासा?”

कालिंदीला ते लागलं. वीस वर्षांत अण्णा तिच्याशी असं बोलले नव्हते. “दुसरा बघितला असता तर फोनवर सांगितलं असतं अण्णा. तुमचं नाव यादीत पक्कं आहे. मी माल घ्यायला नाही, तुम्हाला सांगायला आलेय.”

“ह्या बॅटरीला काय कळतंय?”

“तपासून बघा तुम्हीच.”

हे अण्णांना पटलं. तपासून बघणं हा त्यांच्या जन्माचा धंदा होता. त्यांनी मशीनवरून उतरलेले बारा मोजे मागवले, कालिंदीला अंगणात उभं केलं आणि दार लोटून घेतलं. आत अण्णांनी काही मोजे घातले, काही दोन शिवणाऱ्या बायांनी, काही तसेच ठेवले. कुणाचा कुठला हे काकूंनी मोज्याच्या आत खडूनं खूण करून ठेवलं आणि सगळे मिसळले. मग कालिंदी आत आली. एकेका मोज्यावर नाक धरत गेली आणि चार मोजे बाजूला काढले.

काकूंनी चारही उलटे केले. चारही मोज्यांत अण्णांच्या नावची खडूची फुली होती.

“आयला! चारात चार!” अण्णांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. “पुन्यांदा करू. ह्या खेपेला मी हात धुऊन घालतो.”

पुन्हा केलं. साबणानं हात धुऊन, पण सवयीनं कपाळावरून फिरवूनच, मग खोबरेल लावून, मग फक्त एक बोट घालून. मशीनवरच्या बाया काम थांबवून भोवती जमल्या. नाक एकदाही चुकलं नाही. पाचव्या खेपेला अण्णांनी मोजे पुन्हा मिसळायला हात पुढे केला आणि तो तसाच ढिगावर थांबला. नाक बरोबर आहे, याचा अर्थ आता त्यांच्यापर्यंत पोचला होता.

“उशीच्या अभ्र्याचा वास बदललाय,” काकू हळूच म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. मला वाटलं साबणाचा. तीनदा साबण बदलला मी.”

“मला बोलली न्हाईस ती?”

“काय बोलायचं? नवऱ्याला वास येतोय म्हणून?”

अण्णा हसले. मग त्यांनी दोन्ही हात पुढ्यात धरून उलटसुलट करून पाहिले. हात स्थिर होते. कालिंदीनं औषधाचं सांगितलं, मिरजेच्या डॉक्टरांचं नाव दिलं, वडिलांचंही सांगितलं. चहाच्या बशीपासून सगळं.

“तुमच्या वडलांना हुतं म्हणतासा,” अण्णा म्हणाले. “मग तुमी सोताचा हात हुंगायला दिलासा काय?”

पेटी कालिंदीच्या टेबलापासून तीस पावलांवर होती. तिनं चाळीस मोजे हुंगवले होते, आणि स्वतःचा हात एकदाही नाही. ही गोष्ट आपल्या मनात आलीच नाही असं ती म्हणू शकली असती, पण ते खोटं होतं.

“मला उशीर होतोय अण्णा,” ती म्हणाली आणि उठली.

अण्णांनी तिला अडवलं नाही. मिरजेला मात्र ते त्याच आठवड्यात जाऊन आले. डॉक्टरांनी मेंदूची चित्रं काढली आणि नाकाडेसाहेबांचं म्हणणं खरं ठरवलं. औषध सुरू झालं.

पुढच्या महिन्यात माल आला तो एका फटक्यात पास झाला. तपासणी आता शिवणाऱ्या बाया करत होत्या, आलटून पालटून. खोक्याबरोबर एक वेगळी पिशवी होती, वर कालिंदीचं नाव. आत एकच जोड. डाव्या मोज्याला चिठ्ठी टाचलेली: ‘ह्यात माझा हात घातलाय. औषध चालतंय का बघा.’ उजव्यालाही चिठ्ठी होती: ‘हा रिकामा हाय. तुमच्यासाठी.’

कालिंदीनं डावा पेटीत घातला. आकडा आला अडतीस. साठवायला बंदी होती, बघायला नव्हती, आणि अण्णांचा आकडा अण्णांना सांगायला तर नव्हतीच. तिनं फोन केला.

“अडतीस. थोडा वाढलाय. औषधाला वेळ लागतो म्हणतात.”

“बरं. आणि उजवा?”

“विसरले बघा अण्णा.”

दुसऱ्या महिन्यात चाळीस. तिसऱ्या महिन्यात एक्केचाळीस. दर खेपेला अण्णा उजव्याचं विचारायचे, आणि दर खेपेला कालिंदीकडे काहीतरी सबब असायची. मीटिंग होती, पेटी दुरुस्तीला होती, हाताला शाई होती. अण्णांना सबबी कळत होत्या. त्यांनी एकदाही टोकलं नाही, फक्त पुढच्या खेपेला पुन्हा जोड पाठवली. तिच्या टेबलाच्या खणात तीन उजवे मोजे एकावर एक जमा झाले होते, पांढरे, न वापरलेले. खण उघडला की ते आधी दिसायचे.

चौथ्या महिन्यात पिशवी आली, तेव्हा कालिंदी फाटकाशी उभी राहून ती कितीतरी वेळ हातात धरून होती. सत्तर वर्षांचा माणूस दर महिन्याला स्वतःचा हात पिशवीत घालून तिच्याकडे पाठवतो, आकडा वाढला तरी ‘बरं’ म्हणतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवतो. आणि आपण चार महिने शाईची सबब सांगतोय. तिला स्वतःचं हसू आलं आणि थोडं रडूही.

तिनं डावा मोजा पेटीच्या खणात ठेवला, झाकण लावलं. मग उजव्या हातावरून बांगड्या मागं सारल्या, हात कपाळावरून आणि मानेवरून फिरवला, अगदी अण्णांसारखा, आणि मोज्यात घातला. शिवण कुठंही टोचत नव्हती. तिनं पाची बोटं हलवली. मोजा काढला.

डाव्याचा आकडा कागदावर लिहून तिनं उजवा आत ठेवला आणि तो हुंगला जात असतानाच फोन लावला. एकटीनं बघायची तिची तयारी नव्हती.

“अण्णा, तुमचा आकडा आलाय.”

“माझं ऱ्हाऊ दे. आधी उजव्याचं सांगा.”

“घातलाय आत. हुंगतोय अजून.”

तिकडं शिवणयंत्रांचा आवाज चालू होता. तो एकाएकी थांबला. अण्णांनी बायांना हातानं खूण केली असणार. ते चाळीस सेकंद कालिंदीला वडिलांच्या सहा वर्षांएवढे लांब वाटले.

“तीन,” ती म्हणाली. “तीन आहे अण्णा. हिरवा.”

“झ्याक!” अण्णा ओरडले. मागून काकूंनी काहीतरी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि बायांचा गलका ऐकू आला. मग अण्णांनी घसा साफ केला.

“हां. आता डाव्याचं सांगा.”

कालिंदीनं हातातला कागद पाहिला. मघाशी लिहिला होता तोच आकडा होता, तरी तिनं तो पुन्हा नीट वाचला.

“एक्केचाळीस. मागच्या महिन्यात होता तेवढाच.”

“तेवढाच?”

“तेवढाच. वाढला नाही.”

मग अण्णांचा आवाज आला, फोनपासून लांबून, काकूंशी बोलणारा. “अगं, भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिव्ह. डावा एक्केचाळीस, उजवा तीन. आणि फुडल्या म्हैन्याचं पान उलट. तिथं बी दोन रकानं आत्ताच आखून ठीव.”